गिनीपिगला पिसवा: तुमचे अनुभव लिहा

सायली_आई: कपाट आवरताना बारीक दातांची फणी सापडली आणि बब्बी-गुंड्याची आठवण आली. बब्बी सारखी खाजवायची, कानामागचे केस विरळ झालेले. फणीला लागलेले काळे कण ओल्या पांढऱ्या टिश्यूवर ठेवले तर भोवती तांबूस डाग पसरला. कोंडा नव्हे, पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त! दोघं कधी घराबाहेर गेली नव्हती, मांजर मात्र जायची. डॉक्टरांनी वजन करून दोघांच्याही मानेवर सेलामेक्टिनचे (पिसवा मारायचं औषध) थेंब घातले. तुमच्याकडे काय झालं?

रानवारा: मांजरावरचीच पिसू असते बहुतेकदा. कुत्र्यावरही तीच.

निशिगंध: आमच्या पिल्लाच्या हिरड्या पांढऱ्या पडल्या होत्या हो. इतकुसा जीव, किती रक्त देणार! अजून डोळ्यांसमोर येतं. खाणं मंदावलं की थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

भटकी: आमच्या परत परत यायच्या. अंगावर दिसतात त्या जेमतेम ५ टक्के, बाकी अंडी, अळ्या, कोश सगळं गालिच्यात नि सोफ्याच्या फटीत. कोशात महिनोन्महिने दबून बसतात, चालण्याची कंपनं नि ऊब लागली की बाहेर. पिंजऱ्यातलं अंथरूण गरम पाण्यात, रोज व्हॅक्यूम, आणि घरातल्या प्रत्येक प्राण्याला औषध. त्यानंतरच थांबलं. व्हॅक्यूमची पिशवी लगेच बाहेर टाका बरं का.

मनीमाऊ: कुत्र्याचं औषध थोडं थोडं लावू असं कुणी म्हणालं तर मुळीच ऐकू नका!! त्यातल्या परमेथ्रिनने मांजरं दगावतात.

ससुल्या: आणि फिप्रोनिल या पिसवांच्या दुसऱ्या औषधाने ससे. माझ्याकडे दोन्ही आहेत म्हणून कळकळीने सांगते.

कोकरू: आम्हाला पिसवा वाटल्या, निघाल्या उवा. त्या केसाला धरून सरपटतात, उडी मारत नाहीत. माणसाला लागत नाहीत. पिसवा मात्र आपल्याला चावतात, घोट्यापाशी लाल पुरळ.

निशिगंध: सायली, बब्बी कशी आहे गं?

सायली_आई: म्हातारी होऊन गेली. शेवटपर्यंत फ्रिज उघडला की शिट्टी मारायची.

निशिगंध: अगं 😢 आमचीही ढोबळी मिरचीसाठी अश्शीच ओरडते.

रानवारा: मिरची द्याच, क जीवनसत्त्व त्यांच्या अंगात तयार होत नाही.

कोकरू: अंघोळ घालावी का पण?

भटकी: नको. गारठतात, घाबरतात, आणि गालिच्यातले कोश तसेच राहतात. फणी फिरवा.

ससुल्या: फणी फिरवताना माझा मांडीवर झोपतोच. फोटो टाकते संध्याकाळी, आत्ता कुकर झालाय.