रनिंग मेटचं नाव आलं, तेव्हा तुमच्याकडे काय झालं?

अमेरिकेत दर चार वर्षांनी उन्हाळ्यात स्थळं बघण्याचा कार्यक्रम होतो. अध्यक्षपदाच्या उमेदवाराने जोडीदार, म्हणजे उपाध्यक्षपदाचा उमेदवार (रनिंग मेट) निवडायचा असतो. महिनाभर पत्रिका जुळवणं चालतं : हा कुठल्या राज्यातला, हिचं वय काय, याने कर नीट भरलाय ना, त्याच्या बायकोचा धंदा काय. मग एक नाव बाहेर येतं आणि दुपारच्या डब्यापर्यंत सगळ्यांची मतं शिजून तयार. तसं पाहिलं तर उपाध्यक्षाला घटनेने दिलेलं काम किती? सेनेटमध्ये समसमान मतं पडली तर आपलं एक टाकायचं आणि वरची खुर्ची रिकामी झाली तर तिच्यावर बसायचं. पण लोक बोलतात असे, की घरात सून येतेय.

सुरुवात मी करतो. ऑगस्ट २००८. ओबामांच्या लोकांनी सांगितलं होतं, की नाव आधी तुम्हाला फोनवर मेसेजने कळवू. मी एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर, मताचा पत्ता नाही, पण नंबर द्यायला कोण अडवतंय? दिला. शुक्रवारी रात्री टीव्हीवर बातमी फुटलीच, म्हणून झोपलो. पहाटे तीनच्या सुमाराला उशाशी फोन थरथरला. परदेशात राहणाऱ्यांना सांगायला नको, त्या वेळचा फोन म्हणजे काय ते. बायको ताडकन उठून बसली.

"काय झालं?"

"बायडन."

"अगं बाई! कधी गेले?"

तुमचे किस्से लिहा. पक्ष कुठलाही असो, भांडणं नकोत.

क्वीन्स, न्यूयॉर्क
जुलै १९८४. डेमोक्रॅट उमेदवार मॉन्डेलनी जेराल्डिन फेरारोंना घेतलं. मोठ्या पक्षाच्या तिकिटावर पहिल्यांदाच बाई, आणि तीही आमच्या क्वीन्सची खासदार! मी तेव्हा बँकेत कॅशियर. माझ्या शेजारच्या खिडकीतली इटालियन बाई दिवसभर गिऱ्हाइकांना पैसे मोजून देताना "आमची जेरी" म्हणत होती. महिनाभरात फेरारोंच्या नवऱ्याच्या कराची कागदपत्रं निघाली आणि हीच बाई म्हणाली, "नवऱ्यांनी आपल्याला कधी वर येऊ दिलंय?" नोव्हेंबरात एकोणपन्नास राज्यं रेगनकडे गेली. आमच्या खिडक्यांवर त्या दिवशी कोणी काही बोललं नाही.

डेटन, ओहायो
२९ ऑगस्ट २००८. मी राइट स्टेट विद्यापीठात एमएस करत होतो. रिपब्लिकन उमेदवार मॅकेन आमच्याच कॅम्पसवर, नटर सेंटरमध्ये येणार होते. त्या दिवशी त्यांचा बहात्तरावा वाढदिवस. मला राजकारणाशी घेणं नव्हतं, पार्किंग मिळेना म्हणून चिडलो होतो. लॅबमध्ये टीव्ही लावला तर एक चष्मेवाली बाई. 'अलास्काची गव्हर्नर' म्हणाले. आमच्यातल्या कोणालाच नाव माहीत नव्हतं, प्राध्यापकांनी तर उघडपणे गूगल केलं. सेरा पेलिन. गव्हर्नर होऊन दोन वर्षंही झाली नव्हती.

सगळे हसले. फक्त आमची लॅब टेक्निशियन हसली नाही. तीन पोरं, नवरा ट्रक चालवायचा, रात्रीच्या पाळ्या तिच्याकडे. ती टीव्हीसमोर हातमोजे न काढता उभी राहिली आणि म्हणाली, "ही माझ्यासारखी बोलते." पुढे मुलाखतींमध्ये पेलिनबाईंची जी शोभा झाली ती सगळ्यांना ठाऊक आहे. पण "माझ्या घरातून रशिया दिसतो" म्हणणारी ही बाई, असं म्हणत मी पण खिदळलो, तेव्हा त्या टेक्निशियनने आठवडाभर माझे सँपल वेळेवर लावले नाहीत.

(त्यावर लगेच, सॅन होजे : ते वाक्य पेलिनचं नाहीच. ते तिची नक्कल करणाऱ्या टीना फेचं, 'सॅटरडे नाइट लाइव्ह' या विनोदी कार्यक्रमातलं. खऱ्या बाई एवढंच म्हणाल्या होत्या, की अलास्काच्या जमिनीवरून रशिया दिसतो. आणि एका बेटावरून तो दिसतो, खरंच. तुमच्या टेक्निशियनची माफी मागा.)

एडिसन, न्यू जर्सी
११ ऑगस्ट २०२०, मंगळवार, जन्माष्टमी. विमानं बंद, सासूबाई फेब्रुवारीत आलेल्या त्या इथेच अडकलेल्या. मी सुंठवड्यासाठी खोबरं भाजत होते आणि नवरा वरून ओरडला, "कमला!" सासूबाईंना वाटलं कोणी शेजारीण आली. बायडननी कमला हॅरिसना घेतलं होतं.

भारतात तेव्हा मध्यरात्र उलटून गेलेली. पुण्याचे काका पहाटे फिरायला जातात, त्यामुळे आमच्याकडे रात्री आठला पहिला फॉरवर्ड : आपली मुलगी व्हाइट हाउसमध्ये! उपाध्यक्ष तिथे राहत नाहीत हे काकांना सांगायचं कोणी? दुसऱ्या दिवशी कमलाबाई काश्मीरबद्दल २०१९ साली जे बोलल्या होत्या ते कोणीतरी शोधून काढलं. तिसऱ्या दिवशी काकांचं : हिला भारताशी काय घेणंदेणं, ही तर स्वतःला कृष्णवर्णीय म्हणवते. अठ्ठेचाळीस तासांत माहेरवाशीण परकी झाली. मतदार आम्ही दोघं, भांडत होते कोथरूड विरुद्ध औंध.

१९ तारखेला तिचं अधिवेशनातलं भाषण लागलं. घरच्यांची नावं घेताना ती म्हणाली, "माय चित्तीज." सासूबाई कान टवकारून ऐकत होत्या. "चिठ्ठ्या? कोणाच्या चिठ्ठ्या आल्या?" मला आलं नाही सांगता. मग नवऱ्याने तामिळ मित्राला फोन करून विचारलं. चित्ती म्हणजे आईची धाकटी बहीण. "मावशी होय," सासूबाई म्हणाल्या, आणि मग बराच वेळ गप्प. त्यांच्या मावशीनेच त्यांना वाढवलं होतं. काकांचे फॉरवर्ड त्यांनी नंतरही वाचले, पण पुढे कोणाला पाठवले नाहीत.

कुंभकोणम
आमचं मराठी तुम्हाला चमत्कारिक वाटेल. व्यंकोजीराजांच्या वेळेपासून आम्ही या मुलुखात, त्यामुळे चुकलं तर सांभाळून घ्या. तुळसेंद्रपुरम म्हणजे कमला हॅरिसच्या आजोबांचं, पी. व्ही. गोपालन यांचं गाव, मन्नारगुडीच्या जवळ. आमच्यापासून लांब नाही. तिथल्या देवळात देणगीदारांच्या दगडावर तिचं नाव आहे. २०२० मध्ये तिचे एवढाले फलक लागले, तिला स्वतःलाही ओळखू येणार नाहीत असे रंगवलेले. माझा भाऊ म्हणाला, आपले लोक तीनशे वर्षं तंजावरात राहिले तरी इथले आम्हाला अजून 'रायर' म्हणतात, आणि ती आईमार्फत एका पिढीत गावची झाली. हे त्याने हसत म्हटलं, पण पुरतं हसत नव्हे.

अटलांटा, जॉर्जिया
एडिसनच्या ताईंनी लिहिलं त्याची दुसरी बाजू.

माझी मॅनेजर कृष्णवर्णीय, पन्नाशीची, हॉवर्ड विद्यापीठाची. एरवी झूमवर कॅमेरा बंद ठेवणारी. १२ ऑगस्टला सकाळी नऊच्या मीटिंगला ती गुलाबी ब्लाउज, हिरवा स्कार्फ आणि गळ्यात मोत्यांचा सर घालून हजर. मला वाटलं कुठे लग्नाला चाललीय, या महामारीत? मी तोंड भरून म्हटलं, "अभिनंदन करा, आमची मुलगी निवडली!" ती क्षणभर थांबली. मग म्हणाली, "तुमची?"

गुलाबी आणि हिरवा हे अल्फा कप्पा अल्फा या सोरोरिटीचे, म्हणजे कॉलेजच्या मुलींच्या मंडळाचे रंग, मोतीही त्यांचेच. हॉवर्डला कमला त्यात होती, आणि माझी मॅनेजरही. १९०८ साली कृष्णवर्णीय मुलींनी उभी केलेली ही संघटना. मला यातलं काही ठाऊक नव्हतं. अकरा वर्षं एकत्र काम केलं, पण मी कधी विचारलं नव्हतं. ती रागावली नाही. तिने मला उलट विचारलं, की नावाचा खरा उच्चार काय? मी ऐटीत सांगितलं, माझ्या आजीचंच नाव आहे, क-म-ला. तिने तसा पाठ केला. संध्याकाळी दोघींनी टीव्हीवर कमलाला स्वतःचं नाव घेताना ऐकलं : 'कॉमाला', पहिल्या अक्षरावर जोर. मॅनेजरचा मेसेज आला : तुझी आजी चुकली वाटतं.

ह्यूस्टन, टेक्सास
मी रिपब्लिकन. इथे एकटाच दिसतोय, असो. १५ जुलै २०२४ ला मिलवॉकीत ट्रम्पनी व्हान्सचं नाव जाहीर केलं, ट्रम्पवर बटलरला झालेल्या गोळीबाराला दोन दिवस झाले होते. आमच्या गल्लीतले तेलुगू शेजारी, जन्मभर डेमोक्रॅट, मिठाईचा डबा घेऊन आले. का? तर व्हान्सच्या बायकोचं, उषाचं माहेर मूळचं आंध्रचं. मी म्हटलं, तुमचा जावई झाला, आता धोंडे जेवायला बोलवा! पण रात्री फोन उघडला आणि आमच्याच बाजूचे काही लोक त्या बाईच्या रंगाबद्दल, धर्माबद्दल जे लिहीत होते ते वाचलं. मी मत बदललं नाही. डबा मात्र दोन दिवस तसाच पडून राहिला.

मिनेसोटा
शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते. ६ ऑगस्ट २०२४ ला आमच्या गव्हर्नरांना, टिम वॉल्झना कमलाबाईंनी घेतलं. सगळ्या देशाने विचारलं, हा कोण? आमच्याकडे त्यांना मँकेटोच्या शाळेतले भूगोलाचे मास्तर आणि फुटबॉलचे कोच म्हणून ओळखतात. मला ते २०२३ च्या कायद्यामुळे माहीत, शाळेत सगळ्या मुलांना सकाळचा नाश्ता आणि दुपारचं जेवण मोफत. त्याआधी पोरं रांगेत येऊन नंबर दाबायची आणि काहींच्या नावापुढे उधारीचा लाल आकडा यायचा. पोराला तो दिसू नये म्हणून मी स्क्रीन स्वतःकडे वळवून धरायचे. मनगट दुखायचं. कायदा झाल्यावर स्क्रीन सरळ झाली.

नवऱ्याचं म्हणणं उलट : सर्जनच्या पोरालाही माझ्या कराच्या पैशांनी फुकट जेवण कशाला? यावर आमच्यात अजून एकमत नाही. वॉल्झ एकदा गमतीने म्हणाले, की मिनेसोटात तिखटाची हद्द म्हणजे मिरपूड. यावर मात्र दोघांचंही एकमत.

आयोवा, आता सांगली
उशिरा लिहितो आहे. वय सत्त्याहत्तर, टंकायला वेळ लागतो.

१९७२ च्या जुलैत मी आयोवात विद्यार्थी होतो. डेमोक्रॅट उमेदवार मॅकगव्हर्न यांनी मिसुरीचे सेनेटर टॉम ईगल्टन यांना घेतले. सुपारी फुटली आणि काही दिवसांतच कळले, की त्यांना नैराश्यासाठी तीनदा इस्पितळात ठेवले होते, विजेचे शॉकही दिले होते. मॅकगव्हर्न म्हणाले, मी हजार टक्के त्यांच्या पाठीशी आहे. अठराव्या दिवशी लग्न मोडले. वसतिगृहात खाली एक सामाईक टीव्ही होता. तिथली मुले म्हणत, वेड्याच्या हाती अणुबॉम्बचे बटण कसे द्यायचे? मी गप्प बसे.

माझ्या थोरल्या बहिणीला शॉक दिले होते. घरात हा विषय निघत नसे, स्थळ बघताना तर नाहीच. तिचे लग्न जमले नाही. मी तिला एअरोग्रामवर ही सारी हकीकत लिहिली, का लिहिली ते मलाही सांगता येणार नाही. उत्तर दीड महिन्याने आले. पाऊस, आईचे गुडघे, भावाची नोकरी, आणि शेवटी कोपऱ्यात बारीक अक्षरात : 'मिसुरीच्या त्या गृहस्थांचं पुढे काय झालं, ते कळव.'

१९७४ मध्ये मिसुरीच्या लोकांनी त्यांना पुन्हा सेनेटवर निवडून दिले. मी कळवले. १९८० मध्येही निवडून आले, तेव्हाही कळवले.