जर्मनीत नवीन आलेल्यांना भाषा आणि कागदपत्रांसाठी मदत नक्की कुठे मिळते?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी, आम्ही गेल्या दिवाळीनंतर सांगलीहून इकडे आलो, स्टुटगार्टजवळ राहतो. मिस्टर ब्ल्यू कार्डवर (उच्चशिक्षित नोकरदारांच्या परवान्यावर) आहेत. ब्ल्यू कार्डवाल्यांच्या बायकोला व्हिसासाठी ए१ (जर्मनची पहिली पातळी) लागत नाही म्हणून मी जर्मन न शिकताच आले आणि आता पदोपदी अडतंय. किटातून (बालवाडीतून) मुलीचं काही पत्र आलं की फोटो काढून मोबाइलवर भाषांतर, डॉक्टरची अपॉइंटमेंट घ्यायची तर हे ऑफिसातून येईपर्यंत थांबायचं. तिकडे मी शाळेत गणित शिकवायचे, आणि इथे दुकानात पावती चुकली तरी बोलता येत नाही, याचा फार त्रास होतो.

इथल्या एका व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक जण म्हणतात की जर्मन कोर्सचा फॉर्म, पुढे पीआर (कायमचं राहण्याचा परवाना), सिटिझनशिप सगळं करून देतो, सुरुवातीला ३०० युरो द्या. शेजारच्या तुर्की ताई म्हणाल्या कशाला पैसे देतेस, कारितासमध्ये जा, तिथे फुकट सांगतात. पण ती तर चर्चची संस्था आहे ना, आपल्याला चालतं का तिथे गेलेलं? आणि भाषा न येता जाऊन बोलायचं काय?

दुसरं म्हणजे मिस्टरांच्या मनात आत्तापासूनच नागरिकत्वाचं चाललंय. माझं मन तयार होत नाही, मिरजेजवळ बाबांची शेती आहे, त्याचं पुढे काय होणार कळत नाही. कोणाला नीट माहिती असेल तर प्लीज सांगा.

राइनकाठचा_नगरकर

ताई, आधी ते ३०० युरो देऊ नका, बाकीचं नंतर वाचा.

तुमच्या शेजारणीने बरोबर सांगितलंय. इथे एमबीई म्हणून एक सल्ला सेवा आहे, बाहेरून आलेल्या मोठ्या माणसांसाठी, खर्च जर्मनीचं केंद्र सरकार करतं आणि काउंटरवर बसतात त्या कारितास, डियाकोनी, आवो, रेड क्रॉस अशा संस्था. म्हणजे पाटी चर्चची असली तरी काम सरकारी योजनेचं. धर्म, देश काही विचारत नाहीत, एक पैसा घेत नाहीत. माझ्या बायकोबरोबर वेटिंगमध्ये सीरियाचे, युक्रेनचे, व्हिएतनामचे लोक बसलेले असायचे, त्यात आपण वेगळे वाटत नाही. वय २७ च्या आत असेल तर त्यांच्यासाठी वेगळी सेवा आहे, युगेंडमिग्रात्सिओन्सडीन्स्ट, तीही फुकट.

भाषेची काळजी नको, बहुतेक ठिकाणी सल्लागारांना इंग्रजी येतं, आणि एमबीओन नावाचं त्यांचं अॅप आहे त्यावर लेखी चॅट करता येतं, फोनवर बोलायची भीती वाटते त्यांच्यासाठी ते फार चांगलं. कुठलं ऑफिस जवळ आहे ते बाम्फच्या (केंद्र सरकारच्या स्थलांतर कार्यालयाच्या) साइटवर नावी म्हणून शोधायची सोय आहे, पिनकोड टाकला की सल्ला केंद्रं आणि जर्मनचे कोर्स दोन्ही दिसतात. जाताना पासपोर्ट, रेसिडन्स कार्ड, घराच्या नोंदणीचा कागद आणि जी जी पत्रं कळली नाहीत ती सगळी एका फाइलमध्ये घालून न्या. तिथला सल्लागार तुमच्या शेजारी बसून एकेक पत्र समजावून सांगतो, किटाचं, इन्शुरन्सचं, किंडरगेल्डचं (मुलांच्या सरकारी भत्त्याचं), काहीही. पण तो वकील नाही हे लक्षात ठेवा, कोर्टाचं प्रकरण असेल तर तो तुम्हाला योग्य ठिकाणी पाठवेल.

आता कोर्स. तुम्हाला पाहिजे तो इंटिग्रेशन कोर्स. २००५ पासून ही योजना आहे, ६०० तास भाषा आणि १०० तास इथला कायदा, इतिहास, समाज वगैरे, भाषा बी१ (मधल्या पातळी) पर्यंत नेतात. तास ४५ मिनिटांचा आणि तुमचा वाटा तासाला २.२९ युरो, म्हणजे सगळा कोर्स १६०३ युरो, उत्पन्न कमी असेल किंवा सरकारी भत्ता चालू असेल तर माफी मागता येते. फॅमिली रीयुनियनवर आलेल्यांना पहिलं रेसिडन्स कार्ड मिळालं की या कोर्सचा हक्क असतो, पण तो हक्क साधारण वर्षभरात संपतो!! नंतर हक्काने जागा मिळत नाही. तुम्ही दिवाळीनंतर आलात म्हणता म्हणून घाईने लिहितोय, आउसलेंडरबेह्योर्डेला (परदेशी लोकांच्या परवान्यांच्या ऑफिसला) याच आठवड्यात मेल टाका की बेरेश्टिगुंगचं, म्हणजे कोर्सच्या हक्काचं पत्र द्या. तुम्ही ग्रॅज्युएट आहात, कधी कधी म्हणतात शिकलेल्या लोकांना गरज नाही, अशा वेळी एमबीईवाले पत्र लिहायला मदत करतात, त्यासाठीच तर ते आहेत.

बर्लिन_बारामती

माझं मत थोडं वेगळं आहे. इंटिग्रेशन कोर्स चांगला पण वर्गात सगळ्या पातळीचे लोक, कोणाला लिपीच नवीन, कोणी डॉक्टर, त्यामुळे गाडी हळू चालते. तुम्ही शिक्षिका आहात, लवकर शिकाल. व्हीएचएसचं (इथल्या प्रौढ शिक्षण केंद्रांचं) लर्नपोर्टल फुकट आहे, डॉइचे वेलेचं निकोस वेग फुकट आहे, त्यावर घरी ए२ पर्यंत जा आणि मग थेट बी१ च्या मॉड्यूलला बसा, प्लेसमेंट टेस्ट घेतातच. वेळ आणि पैसे दोन्ही वाचतील.

वर्ध्याची_सिस्टर

@बर्लिन_बारामती दादा, अॅपने व्याकरण येईल पण तोंड उघडणार नाही. मी नर्स आहे, वर्ध्याहून आले, हॉस्पिटलला बी२ लागतं म्हणून तिकडूनच परीक्षा पास होऊन आले होते तरी पहिल्या महिन्यात वॉर्डातले आजोबा काय मागतायत ते कळायचं नाही. माझी जीभ सुटली ती माणसांमध्ये बसून. आमच्या गावात लायब्ररीत दर आठवड्याला श्प्राखकॅफे भरतो, निवृत्त बायका-पुरुष येऊन बसतात, कॉफी देतात आणि नुसतं बोलतात, चुकलं तर हळूच दुरुस्त करतात. त्यातल्या एका आजींनी मला फॉर्म कसे भरायचे, डॉक्टरला काय म्हणायचं, शेजाऱ्यांशी कसं बोलायचं सगळं शिकवलं. मला त्या बाईंचे उपकार विसरता येत नाहीत.

म्हणून ताई कोर्सला जाच. घरी एकटीने शिकणं म्हणजे विहिरीच्या काठावर बसून पोहायला शिकणं. शिवाय वर्गात तुमच्यासारख्याच आया भेटतील, एकीच्या किटाची अडचण दुसरीला माहीत असते. अर्जाच्या वेळी लहान मूल आहे हे आवर्जून सांगा, काही कोर्सच्या जागी मुलं सांभाळायची सोय असते. सकाळी किटा मिळत नसेल तर संध्याकाळचे वर्गही असतात.

आणि तुमची बीएड वगैरे डिग्री असेल तर तिचं आनएर्केनुंग (इथे मान्यता) आत्ताच विचारून ठेवा. शाळेत शिकवायचं तर खूप वरची जर्मन लागते, वेळ जातो, पण बी१ नंतर सरकारचेच बेरुफ्सश्प्राखकुर्स आहेत, कामापुरती जर्मन शिकवणारे, बी२ आणि पुढचेही. हा रस्ता मला एमबीईच्या बाईंनीच कागदावर काढून दिला होता, कुठल्या ऑफिसला आधी जायचं, कुठल्या नंतर.

जुना_डोंबिवलीकर

नागरिकत्वाचं मी लिहितो, मी नुकताच त्यातून गेलोय.

२७ जून २०२४ पासून नवा कायदा आहे, ८ ऐवजी ५ वर्षं कायदेशीर राहिलं की अर्ज करता येतो. मध्ये ३ वर्षांतही देत होते, ते ३० ऑक्टोबर २०२५ पासून बंद झालं, त्यामुळे कोणी एजंट ३ वर्षांत करून देतो म्हणत असेल तर तिथूनच परत फिरा. बी१ लागतं, स्वतःच्या कमाईवर घर चालतंय हे दाखवावं लागतं, आणि परीक्षा. परीक्षेत ३३ प्रश्न, त्यातले ३ तुमच्या राज्याचे, १७ बरोबर आले की पास. सगळे प्रश्न बाम्फने उघड ठेवलेत, रोज थोडे केले तरी होतात. ताई तुम्ही इंटिग्रेशन कोर्स केलात तर शेवटी हीच टेस्ट असते, त्यात १७ आले की वेगळी द्यावी लागत नाही. फी मोठ्या माणसाला २५५ युरो, आईवडिलांबरोबर मुलाला ५१.

एक गोष्ट बऱ्याच जणींना माहीत नसते. नवऱ्याचे ५ वर्षं झाले आणि तुमचे झाले नसले तरी त्याच्याबरोबर तुम्ही अर्ज करू शकता, ऑफिस ते मान्य करू शकतं, पण भाषा तुमची तुम्हाला दाखवावी लागते, नवऱ्याचं बी१ तुम्हाला चालत नाही.

आता तुमचा खरा प्रश्न. जर्मनी आता दोन पासपोर्टला हो म्हणते, भारत म्हणत नाही. जर्मन नागरिकत्व घेतलं त्या क्षणी भारताचं आपोआप जातं, १९५५ च्या कायद्यातच आहे, आणि मग पासपोर्ट सरेंडर करून ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड) घ्यायचं. ओसीआयवर ये-जा, राहणं, खासगी नोकरी सगळं होतं, मतदान नाही, आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. पण वारसाने आलेली जमीन ठेवता येते. म्हणजे बाबांची शेती तुमच्या नावावर वारसाने येऊ शकते, नवीन गुंठाही विकत घेता येणार नाही एवढंच. सातबारावर नाव चढवायचं काम मात्र तिकडच्या चांगल्या वकिलाला विचारूनच करा, हे इथल्या कोणाचं काम नाही.

मला स्वतःला मतदानाचं सगळ्यात जास्त लागलं. पण माझी मुलं इथे शाळेत वाढली, मी कर भरतो आणि गावच्या निवडणुकीत माझं मत नाही हे मला जास्त वर्षं सहन होत नव्हतं. तुमचं मन तयार नसेल तर पीआर घेऊन थांबा, काही अडत नाही. मिस्टरांना बी१ असेल तर ब्ल्यू कार्डवर २१ महिन्यांत पीआर, ए१ वर २७.

आणि जन्मदाखले, लग्नाचा दाखला आत्ताच काढून ठेवा. आपले लोक तिकडे अपोस्टिलचा (कागद परदेशात चालावा म्हणून) शिक्का मारून आणतात, पण भारताची अपोस्टिल जर्मनी मानत नाही, त्यामुळे ऑफिस काय मागतंय ते लेखी विचारा आणि मगच खर्च करा. ग्रामपंचायतीचा दाखला मराठीत असेल तर शपथ घेतलेल्या भाषांतरकाराकडूनच करून घ्यावा लागतो.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार, वाचून रडूच आलं खरं सांगते. हक्क वर्षभरात संपतो हे इथे कोणीच सांगितलं नव्हतं. आजच रात्री यांच्याबरोबर बसून आउसलेंडरबेह्योर्डेला मेल लिहितो आणि एमबीओनवर अकाउंट काढते. सिस्टर, श्प्राखकॅफेला मुलीला घेऊन गेलं तर चालतं का?

वर्ध्याची_सिस्टर

आमच्याकडे तर हमखास येतात मुलं, खेळणी ठेवलेली असतात. तुमच्या लायब्ररीत एकदा विचारा. आणि मेलमध्ये कार्ड मिळाल्याची तारीख लिहायला विसरू नका.