घरी डायलिसिस करायचंय: सीएपीडी, सायकलर की हिमो? तब्येत कशात जास्त टिकते?

पूर्वा_जळगाव:
नमस्कार. बाबा ६६ वर्षांचे, शुगर जुनी, आता डायलिसिस लागणारच म्हणालेत. सेंटर लांब पडतं म्हणून घरीच करायचा विचार आहे. पण पोटात पाणी भरून करायचं डायलिसिस, त्यात हाताने बॅगा बदलायच्या (सीएपीडी), रात्री ते काम आपोआप करणारं मशीन म्हणजे सायकलर लावायचा, की घरी रक्त शुद्ध करणारं हिमोचं मशीन, यात माणूस जास्त कशात जगतो? इन्फेक्शन कशात कमी? लघवी अजून बऱ्यापैकी होते त्यांना.

वॉर्ड_सिस्टर:
ताई, सीएपीडी आणि सायकलरची समोरासमोर तुलना झालीये, जगण्यात किंवा पेरिटोनायटिसमध्ये (पोटातल्या पडद्याच्या इन्फेक्शनमध्ये) ठोस फरक दिसला नाही. लघवी होतेय ना, ती जपा, सगळ्यात महत्त्वाचं तेच! पोटाच्या डायलिसिसवरच्या कॅनडा-अमेरिकेच्या कॅनुसा अभ्यासाचे आकडे २००१ मध्ये परत तपासले तेव्हा रोजची लघवी २५० मिली जास्त असेल तर मृत्यूचा धोका ३६ टक्के कमी दिसला. काही पेनकिलरनी उरलेली किडनी बिघडते, म्हणून गुडघे दुखले की मेडिकलमधून पेनकिलर आणून देणं बंद, आधी डॉक्टरांना विचारा. सुरू केल्यावर महिनाभराने पेट टेस्ट (पोटाचा पडदा किती वेगाने काम करतो ते बघणारी) करतात, पोटाचा पडदा साखर पटकन ओढत असेल तर बॅग जास्त वेळ ठेवून पाणी नीट निघत नाही, सूज येते, अशांना सायकलर बरा, पडदा हळू असेल तर सीएपीडीच चांगलं.

पुणेकर_फिस्टुला:
घरच्या हिमोबद्दल. वारंवार हिमो करण्यावरच्या २०१० च्या एफएचएन अभ्यासात आठवड्याला तीनऐवजी सहा वेळा केल्यावर हृदयाची जाडी आणि बीपी सुधारलं, पण ते सेंटरमध्ये होतं आणि फिस्टुलाची (सुई टोचायला हातातल्या रक्तवाहिन्या जोडून केलेल्या जागेची) दुरुस्ती जास्त करावी लागली. रात्री घरी करणाऱ्यांचा वेगळा अभ्यास झाला त्यात तसा स्पष्ट फायदा दिसला नाही, उलट लघवी लवकर कमी झाली. शिवाय घरी आरओचं पाणी, सुई टोचणारं माणूस, सगळं लागतं. बाबांना लघवी होतेय तर मी आधी पोटाचंच सुचवेन.

पूर्वा_जळगाव:
खूप धन्यवाद दोघांना. बॅगमधल्या साखरेने शुगर वाढणार का?

वॉर्ड_सिस्टर:
हो वाढते, इन्सुलिन बदलावं लागू शकतं. आणि आयकोडेक्स्ट्रिनची (साध्या साखरेऐवजी वेगळा पदार्थ असलेली) बॅग दिली तर तुमचा ग्लुकोमीटर चालेल का ते नक्की विचारा, काही मीटर शुगर खोटीच जास्त दाखवतात आणि मग इन्सुलिन जास्त जातं, हे जिवावर बेतू शकतं. निघालेलं पाणी गढूळ दिसलं किंवा पोट दुखलं तर सकाळची वाट बघायची नाही, ती बॅग सोबत घेऊन लगेच हॉस्पिटल गाठा.