मदत हवी आहे: कागद जॅकरॅबिटमध्ये, नोंद पोस्टग्रेसमध्ये, दोन्हीकडे एकदम कमिट कसं करायचं?

नमस्कार मंडळी,

एका पतसंस्थेचं कर्ज प्रकरणांचं सॉफ्टवेअर सांभाळतो. जावा, स्प्रिंग, टॉमकॅट सर्व्हर. प्रकरणाची नोंद पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये असते. स्कॅन केलेले कागद (सातबारा, गहाणखत, जामीनदाराची कागदपत्रं) जॅकरॅबिट २ या रिपॉझिटरीत (कागद साठवायच्या प्रणालीत) जातात, तिथे फाइल डेटास्टोअर (मोठ्या फाइल डिस्कवर वेगळ्या ठेवणारा भाग) लावलेलं आहे. टेबलात फक्त नोडचा (रिपॉझिटरीतल्या त्या कागदाच्या जागेचा) यूयूआयडी, म्हणजे ओळखक्रमांक, ठेवतो.

गेल्या आठवड्यात शाखेतून फोन आला, प्रकरण उघडलं की ‘कागद सापडला नाही’ येतंय. शोधलं तर अशी १४ प्रकरणं निघाली. त्यातल्या एका सभासदाला तोवर गहाणखताची प्रत घेऊन परत बोलावून झालं होतं. सत्तरीचे गृहस्थ, दोन एसट्या बदलून आले. चूक आमच्या कोडची आणि हेलपाटा त्यांना, हे मनातून जात नाही.

चूक सापडली आहे. ‘कागद बदला’ या बटणामागची मेथड आधी जुना नोड काढते, नवा घालते, सेशन सेव्ह करते आणि मग टेबलात नवा यूयूआयडी लिहिते. मेथडवर ट्रान्झॅक्शनलचं ॲनोटेशन आहे (म्हणजे सगळं कमिट होऊन पक्कं होईल, नाहीतर रोलबॅक होऊन सगळं मागे जाईल), म्हणून आम्ही निर्धास्त होतो. पण त्यामागचा मॅनेजर डेटासोर्सचा, म्हणजे फक्त पोस्टग्रेसचा. जॅकरॅबिट त्याच्या गावीही नाही. महिनाअखेरीला व्याज आकारणीचा बॅच चालू असताना कुणी कागद बदलला की कधीकधी डेडलॉक होतो (दोन ट्रान्झॅक्शन एकमेकांसाठी अडून बसतात). पोस्टग्रेस आमचं ट्रान्झॅक्शन रद्द करतं, टेबलात जुना यूयूआयडी राहतो, आणि तो नोड तर आधीच गेलेला असतो.

म्हणून एक्सए (दोन्ही प्रणालींना आधी ‘प्रिपेअर’, म्हणजे तयार करून, मग एकत्र कमिट करायची पद्धत) करून पाहिलं: दोन्हीकडचा मेळ घालणारा ॲटॉमिकोस, पोस्टग्रेसचा एक्सए डेटासोर्स आणि जॅकरॅबिटचा जेसीए कनेक्टर (जोडणारा भाग). पहिल्याच प्रयत्नाला पोस्टग्रेस अडलं, कारण ‘मॅक्स_प्रिपेअर्ड_ट्रान्झॅक्शन्स’ हे सेटिंग मुळात ० असतं. ते वाढवून सर्व्हर रीस्टार्ट केला. नेहमीच्या रोलबॅकला दोन्हीकडचं नीट मागे गेलं, फार बरं वाटलं. मग प्रिपेअर झाल्यावर, कमिट पोचायच्या आत टॉमकॅट मुद्दाम किल केला. ‘पीजी_प्रिपेअर्ड_एक्झॅक्ट्स’मध्ये (पोस्टग्रेसच्या प्रिपेअर होऊन थांबलेल्या ट्रान्झॅक्शनच्या यादीत) एक ओळ लटकलेली दिसली. परत सुरू केल्यावर ॲटॉमिकोसने आपल्या लॉगवरून ती कमिट केली. जॅकरॅबिटला मात्र विचारलं तर त्याच्याकडे अर्धवट राहिलेलं काहीच नव्हतं. म्हणजे नोंद आली, कागद नाही. पुन्हा तेच!

ओकवर (जॅकरॅबिटच्या पुढच्या पिढीवर) गेलो तर हे सुटेल का? की एक्सएमध्ये माझंच काही राहिलंय? आणि त्या १४ कागदांचं काय करू?

प्रतिसाद १

आधी शेवटचा प्रश्न, कारण तो तातडीचा आहे. डेटास्टोअरचं गार्बेज कलेक्शन (कुठल्याच नोडला न लागणाऱ्या फाइल पुसणारं काम) चालवू नका. क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांत) असेल तर आत्ता बंद करा आणि डेटास्टोअरच्या फोल्डरची पूर्ण कॉपी घ्या. नोड काढला तरी मोठी फाइल डिस्कवरून लगेच जात नाही, कलेक्शन चालेपर्यंत ती तिथेच असते. फाइलचं नाव म्हणजे मजकुरावरून काढलेला कोड (हॅश), त्यामुळे नावावरून काही कळणार नाही. पण पीडीएफ सुरुवातीच्या चार अक्षरांवरून ओळखता येते. शिवाय बदलून घातलेले नवे कागद तर रिपॉझिटरीतच आहेत, फक्त टेबलात त्यांचा पत्ता नाही. तिथून सुरुवात करा.

एक्सएमध्ये तुमचं काही राहिलेलं नाही. प्रिपेअर झालेलं काम क्रॅशनंतर परत सांगता येणं हा त्यातला निम्मा करार, आणि जॅकरॅबिट तो पाळत नाही हे तुम्हीच पाहिलंत. ओकमध्ये तर जेटीए (जावातून एक्सए वापरायची पद्धत) ट्रान्झॅक्शनची सोयच नाही, त्या आशेने स्थलांतर करू नका.

मी एकत्र कमिटचा नाद सोडला आणि क्रम बदलला. नवा कागद आधी रिपॉझिटरीत सेव्ह करायचा, मग टेबलात यूयूआयडी लिहून कमिट. मध्येच काही मोडलं तर एक बेवारस नोड उरतो, त्याने कुणाचं अडत नाही. आणि त्या मेथडमध्ये रिपॉझिटरीतून काहीही काढायचं नाही. जुना यूयूआयडी ‘काढायचे कागद’ अशा वेगळ्या टेबलात त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये टाका. रोलबॅक झाला तर तीही ओळ जाते, म्हणजे जुना कागद शाबूत. प्रत्यक्ष काढायचं काम रात्रीच्या जॉबला द्या. नोड आधीच नसेल तर जॉबने ओरडू नये, ओळ पुसून पुढे जावं, कारण तोही मध्येच बंद पडू शकतो.

बेवारस नोड झाडायचे तर २४ तासांहून जुनेच घ्या, नाहीतर नुकताच सेव्ह होऊन कमिटची वाट पाहणारा कागद झाडला जाईल.

मूळ लेखक

दादा, तुमचे उपकार आहेत. कलेक्शन रविवारी रात्री लागणार होतं, ते काढून टाकलं.

नोडच्या पाथमध्ये आम्ही प्रकरण क्रमांक ठेवतो, त्यावरून ११ प्रकरणांचे नवे स्कॅन रिपॉझिटरीतच सापडले. उरलेल्या ३ मध्ये नवा स्कॅनही चुकीच्या पानाचा होता. त्यांचे जुने कागद डेटास्टोअरमधून शोधून परत मिळवले, एकेक पीडीएफ उघडून. आता कुणालाही परत बोलवावं लागणार नाही.

नवा क्रम चाचणी सर्व्हरवर लावलाय आणि बॅच चालू ठेवून मुद्दाम डेडलॉक घडवतोय. जुना कागद जागेवर राहतो. एकच शंका आहे: बॅकअप दोन्हीकडचे वेगवेगळे होतात, आधी रिपॉझिटरी आणि मग डेटाबेस. चालेल?

प्रतिसाद १

उलटं करा. आधी डेटाबेस, मग रिपॉझिटरी. आत्ताच्या क्रमात मधल्या वेळात आलेला कागद टेबलाच्या बॅकअपमध्ये असेल आणि रिपॉझिटरीच्या नसेल. आणि काढण्याचा जॉब दोन्ही बॅकअप संपल्याशिवाय सुरू होऊ देऊ नका.