तोट्यातले शेअर मार्चआधी विकावेत का?

दादा, तुम्ही म्हणता विकलं की नुकसान पक्कं होतं, पण ते तर आधीच झालंय ना, विकलं तर निदान टॅक्स तरी वाचतो. आमच्या लातुरात मेव्हण्याला शॉर्ट टर्ममधे, म्हणजे वर्षाच्या आत विकलेल्या शेअरमधे, ८० हजार फायदा होता, २० टक्क्यानं १६ हजार टॅक्स बसत होता, मग सहा महिन्यांपूर्वी घेतलेला एक शेअर ३० हजार तोट्यात काढला अन टॅक्स १० हजारावर आला, सेस वेगळा. फक्त त्याच दिवशी परत घेऊ नका, ते इंट्राडे, म्हणजे एकाच दिवसातली खरेदी-विक्री धरतात अन जुन्या शेअरचा तोटा दाखवता येत नाही, दुसऱ्या दिवशी घ्या. अन लाँग टर्मचा, म्हणजे वर्षाहून जास्त ठेवलेल्या शेअरचा तोटा शॉर्ट टर्मच्या फायद्यातून वजा होत नाही बरं का. उरलेला तोटा ८ वर्षं पुढं नेता येतो, पण रिटर्न मुदतीत भरलं तरच, माझ्या भावानं उशीर केला अन सगळा गेला, लई वाईट वाटलं.