आकडेच नाहीत, मग आलेख एक्सेलमध्ये कशाला?

वक्ररेषा
शिकवताना असे आलेख सारखे लागतात ज्यांत आकडे नसतातच. मागणी-पुरवठा, उत्पादनाचं आयुष्य, शिकण्याचा वेग. रेषा कुठे चढते, कुठे वळते, कुठे दुसरीला छेदते एवढंच दाखवायचं असतं. परवा एका सहकाऱ्याने टोकलं, "आकडे नाहीत तर एक्सेल कशाला? ती काय पाटी आहे?"

मी म्हणते, तिथेच काढावा. एका रकान्यात क्ष, म्हणजे ० ते १०, अर्ध्याच्या टप्प्याने. शेजारी सूत्र. 'एस' आकाराची रेषा हवी असेल तर १ भागिले (१ अधिक ई या गणिती स्थिरांकाचा (साधारण २.७१८) उणे (क्ष वजा ५) घात). मग स्कॅटर चार्ट, गुळगुळीत रेषेचा. अक्षांवरची लेबलं बंद, मागची जाळी पुसली, झालं. वळण उशिरा हवं? ५ चे ७ करा, अख्खी रेषा उजवीकडे सरकते.

हातरेषा
असहमत. लपवलेला आकडा मरत नाही. तुमचा चार्ट वर्डमध्ये किंवा पॉवरपॉइंटमध्ये चिकटवला की पुष्कळदा त्याच्या पोटात शीटही जाते. माझ्या वर्गातल्या एकाने 'एडिट डेटा' दाबलं आणि विचारलं, "सर, मागणी-पुरवठ्याचा समतोल ७.३ लाच का?" काय सांगणार? मी मनाने टाकलेला आकडा होता तो! तेव्हापासून मी शेप्समधला कर्व्ह घेतो, एडिट पॉइंट्सने वाकवतो. चित्र आहे तर चित्रासारखंच काढावं.

वक्ररेषा
चित्र म्हणून पेस्ट करायचं, शीट मागेच राहते. आणि तुमच्या हाताने काढलेल्या दोन मागणी-रेषा समांतर असतात का हो? छेदबिंदूपासून अक्षापर्यंतची तुटक रेघ, आकार बदलला की जागेवर राहते? माझ्याकडे दुसरी रेषा म्हणजे पहिली अधिक २, आणि छेद सूत्रातूनच निघतो.

रकानेवाली
वादात पडत नाही, पण दोन खड्डे दाखवते. साधा लाइन चार्ट घेऊ नका. तो क्ष-अक्षावरचे आकडे नुसती नावं समजतो, १, २ आणि १० सारख्याच अंतरावर मांडतो. दुसरं, पाच-सहाच बिंदू देऊन 'स्मूद' केलं तर रेषा मधेच फुगते, शून्याखालीही डोकावते. बिंदू वाढवा. एक्सेलसारख्याच लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये रेषा गुळगुळीत करायला बी-स्प्लाइन ही पद्धत निवडलीत तर रेषा तुमच्या बिंदूंमधून जातच नाही, शेजारून जाते. तिथे क्युबिक स्प्लाइन घ्या.

शंकासूर
हत्यारावर भांडताय, घोळ वेगळाच आहे. ज्याला कमी येतं त्यालाच आपल्याला खूप येतं असं वाटतं, या डनिंग-क्रूगर परिणामाचा तो प्रसिद्ध आलेख आठवा: आधी आत्मविश्वासाचं शिखर, मग दरी, मग चढ. १९९९ च्या मूळ निबंधात तो नाहीच. तिथे गुणांनुसार पाडलेले चार गट आहेत. तळातला गट प्रत्यक्षात १२ व्या पर्सेंटाइलला (म्हणजे शंभरातल्या बाराजणांच्याच पुढे) आणि स्वतःला समजत होता ६२ व्या. शिखर-दरी कुणीतरी रिकाम्या अक्षांवर नंतर काढली, आणि आकडेच नसल्यामुळे ती खोडून काढायला कुणाला काही धरताही येईना.

पाठ केलेलं किती वेगाने विसरतो हे दाखवणाऱ्या, मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउसच्या विस्मरण-रेषेचंही तसंच. १८८५ मध्ये त्याने स्वतःवर प्रयोग करून आकडे दिलेत: वीसेक मिनिटांनी ५८ टक्के शिल्लक, एका दिवसाने ३४ च्या आसपास, ३१ दिवसांनी २१. तरी सगळीकडे नुसती घसरगुंडी काढतात. जिथे मोजमाप आहे तिथे ते लपवणं हा आळस झाला.

वक्ररेषा
हे मान्य. ती रेषा उद्याच खऱ्या आकड्यांनी काढते.

हातरेषा
मग कराचा दर आणि सरकारी महसूल यांच्या लाफर-रेषेचंही बघा. कर ० टक्के असला तरी महसूल शून्य, १०० टक्के असला तरी शून्य, मधे कुठेतरी टोक. तुमच्या शीटमध्ये सगळ्यात सोपं सूत्र कोणतं? क्ष गुणिले (१०० वजा क्ष). टोक नेमकं ५० वर! सूत्र सोयीचं म्हणून घेतलं आणि न केलेला दावा होऊन बसला. लेबलं काढली तरी मुलं डोळ्याने मधोमध पाहतातच.

वक्ररेषा
हाताने काढतानाही टोक कुठेतरी ठेवताच ना? माझं निदान सूत्रात दिसतं, तुमचं मनगटात राहतं. आणि मधोमध नको असेल तर क्षचा वर्ग गुणिले (१०० वजा क्ष) घ्या, टोक ६६ च्या पुढे जातं. आलेखाखाली 'केवळ आकार, प्रमाणात नाही' असं लिहायचं.

हातरेषा
ती ओळ लिहिलीत तर निम्मी तक्रार मिटली. पण ६६ च का?

वक्ररेषा
५० नको म्हणालात म्हणून!