‘तडजोड’ की ‘मिंधेपणा’? ‘अर्धसत्य’च्या निमित्ताने

प्रश्न : ‘अर्धसत्य’ (१९८३) या चित्रपटाविषयी लिहिताना, उपनिरीक्षक अनंत वेलणकर ‘नैतिक तडजोड’ करतो, असे मी म्हटले. हा प्रयोग तेथे योग्य आहे का?

उत्तर : प्रयोग रुळलेला आहे, पण मला तो दोन कारणांनी खटकतो. ‘नैतिक जबाबदारी’ म्हणजे नीतीने येणारी जबाबदारी. त्याच धर्तीवर ‘नैतिक तडजोड’ म्हणजे नीतीला धरून केलेली तडजोड असा नेमका उलटा अर्थ निघू शकतो. ‘तत्त्वांशी तडजोड’ म्हटल्यास हा घोटाळा टळतो. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे. तडजोडीला दोन बाजू लागतात आणि दोघीही काही सोडतात. लोकअदालतीत दावा तडजोडीने मिटला असे आपण म्हणतो, तेव्हा त्यात कमीपणा नसतो, उलट थोडे शहाणपणच असते.

वेलणकरच्या वाट्याला असे काही येत नाही. निलंबनाचे पहिले संकट दिल्लीपर्यंत हात पोहोचलेल्या एका मध्यस्थाकरवी टळते, आणि तेव्हापासून, कोणी लगेच काही मागितलेले नसतानाही, तो मिंधा होतो. पुढे त्याच्या मारहाणीत एक किरकोळ चोर कोठडीत मरतो आणि ज्याला पकडण्यासाठी तो धडपडत होता, त्या रामा शेट्टी या गुंडाच्याच दारात त्याला मदतीसाठी उभे राहावे लागते. याला ‘मिंधेपणा’ हाच शब्द हवा. ऋणी असल्याचे माणूस चारचौघांत अभिमानाने सांगतो, मिंधा असल्याचे लपवतो; ऋण फेडता येते, मिंधेपणात मात्र फेड कधी आणि कशाने करायची हे समोरचा ठरवतो. दगडाखाली हात सापडणे हा वाक्प्रचारही येथे चपखल आहे, फक्त त्यात उपकाराची छटा नाही. श्री. दा. पानवलकरांची मूळ कथा ‘सूर्य’ मराठी आणि पटकथाकार विजय तेंडुलकर, तेव्हा या हिंदी चित्रपटासाठी मराठी शब्द शोधताना परकेपणा वाटण्याचे कारण नाही. शेवटी वेलणकर शेट्टीचा गळा दाबतो, ते शौर्य की वैफल्य हा वाद चालू राहो. मिंधेपण असह्य झाल्याचा अर्थ मात्र दोन्ही बाजूंना मान्य व्हावा.

पुरवणी : वरील उत्तराशी मी सहमत आहे. एक जोड द्यावीशी वाटते. कोठडीतील मृत्यूनंतर वेलणकर ‘बडतर्फ’ झाला असे काही जण लिहितात, पण तो ‘निलंबित’ होतो. निलंबित कर्मचारी नोकरीतच असतो, त्याला निर्वाह भत्ता मिळतो, त्याची चौकशी चालते आणि ती अनुकूल झाल्यास तो कामावर परततो; बडतर्फीत नोकरीच संपते. वेलणकर शेट्टीकडे जातो तो परतण्याची शक्यता शिल्लक असल्यामुळेच, म्हणून ‘बडतर्फ’ लिहिल्यास ती भेट वाचकाला उलगडणार नाही.